पालखीखाली

बेइगांगच्या जत्रेला यायला चिन-शुइ तयारच नव्हता. बोट उलटून त्याचे सगळे सोबती बुडाले आणि तो एकटाच किनाऱ्याला लागला, तेव्हापासून त्यानं सागरदेवी माझूच्या देवळाची पायरी चढली नव्हती. नवरा वाचला म्हणून आ-ग्योकनं नवस फेडला. त्यानं मात्र देवीशी अबोला धरला, तो लेकीचं लग्न होऊन तिला पोरं झाली तरी सुटला नाही.

यंदा आ-ग्योक हट्टाला पेटली. तिचे गुडघे पार आखडले होते; रस्त्यावर पालथं पडून देवीची पालखी अंगावरून जाऊ दिली की दुखणं जातं, असं म्हणत.

“तुम्ही देवीशी बोलू नका,” ती म्हणाली. “पण मी रस्त्यावर आडवी झाले की मला उठवणार कोण? ही शू-फेन एकटी? तिला स्वतःची पिशवी उचलवत नाही.”

तेव्हा कुठं तो बसमध्ये चढला.

देवळासमोरच्या रस्त्यावर फटाक्यांच्या लाल कागदांचा घोटाभर खच पडला होता. माणसं एकामागे एक पालथी पडत होती. आईला नीट निजवून शू-फेन तिच्या मागं आडवी झाली. बाबा कडेला उभे असतील, असंच तिला वाटलं. तेवढ्यात पायांशी कुणीतरी टेकलं आणि ओळखीचा खोकला ऐकू आला. मान वळवायला वेळच नव्हता.

ढोल जवळ आले. दोन्ही बाजूंनी भोयांची पावलं दिसू लागली, डोक्यावर सावली आली, धुपाचा वास दाटला. आणि पालखी थांबली. ढोलही थांबले. त्या शांततेत तिला बाबांचा आवाज ऐकू आला.

“कुन-हाय. आ-तेंग. ली-शेंग.”

बोटीवरच्या सोबत्यांची ही नावं घरात कधी कुणी उच्चारली नव्हती. 

पालखी हलली. घाम पुसत एक भोई सांगत होता की खांद्यावर एकाएकी डोंगर आल्यासारखं झालं, पाऊल उचलेना. पुढं काही अडलं असेल म्हणून शू-फेननं पाहिलं. रस्ता मोकळा होता.

दोघांनी मिळून आईला उभं केलं. केसांतले लाल कागदही न झटकता चिन-शुइ देवळाची पायरी चढला. शतकानुशतकांच्या धुरानं काळ्या पडलेल्या देवीच्या मुखासमोर तो हात जोडून उभा राहिला. ओठ हलत होते. परतीची बस निघून गेली. आ-ग्योक खांबाला टेकून बसली, आणि त्याला कुणीच हाक मारली नाही.