मान हलली का?

"ओकबुनताई, मुळा चिरतेयस की बोटं?"

मी ओरडले तेव्हा कुठे तिने सुरी थांबवली. बोटाला लागलं नव्हतं, पण फळीवरचे तुकडे काही जाडेभरडे, तर काही कागदासारखे पातळ झाले होते. ओकबुनताईच्या हातून असं कधी होत नसे.

दोष तिचा नव्हता. सभागृहातल्या भोंग्याची एक तार चर्चच्या स्वयंपाकघरातही ओढलेली होती आणि राजधानी सोलहून आलेले उपदेशक नोह सकाळपासून नरकावर बोलत होते. "तिथली आग विझत नाही! तिथे मरणसुद्धा येत नाही! तुमच्या घरातलं माणूस तिथे निघालंय आणि तुम्ही इथे जेवणाची वाट बघताय!"

"जेवायला पहिले हेच येतात," माझ्या शेजारी मुळे सोलणारी छुनजा फिसकन हसली. "काल कालवांचं सूप तीनदा मागून घेतलं."

ओकबुनताई हसली नाही. तिचा नवरा तालसू घरी अंथरुणाला खिळला होता आणि डॉक्टरांनी आता घरीच असू द्या म्हणून सांगितलं होतं. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. दर रविवारी तो तिला स्कूटरवरून चर्चला आणून सोडी आणि उपासना संपेपर्यंत फाटकाबाहेर सिगरेटी फुंकत उभा राही. आत मात्र एकदाही आला नाही. स्कूटरचं तेल गळून फाटकापाशी काळा डाग पडला होता. आम्ही तिला चिडवायचो, "तुझ्या नवऱ्याने चर्चला एवढंच दान दिलं बघ."

ती आठवडाभर शेडमध्ये कालवं फोडायची आणि रविवारी आमच्या चुलींची मुखत्यार असायची. आणखी एक काम तिच्याकडे होतं. मंडळीतलं कुणी गेलं की शवपेटीवर लाल क्रूसाचं पांढरं कापड घालतात. ते धुऊन, इस्त्री करून ठेवायची ती. ते कापड फक्त विश्वास ठेवणाऱ्यांसाठी. ज्याच्या पेटीवर ते पडतं त्याच्या घरचे रडतात, पण धास्तावत नाहीत. ज्याच्या पेटीवर पडत नाही, त्याचं नाव पुढे आमच्याकडे कुणी फारसं काढत नाही.

"माझा भाऊ शनिवारवाल्यांच्या, म्हणजे शनिवारी उपासना करणाऱ्यांच्या चर्चला जातो," छुनजा हलकेच म्हणाली. "ते म्हणतात, कायमची आग वगैरे काही नसते. पापी माणूस गवतासारखा भसकन जळतो, राख होते, संपलं. दुखणं नाही, खुपणं नाही."

"राख झाली तर मी भेटू कुणाला?" ओकबुनताई म्हणाली. छुनजा पुन्हा मुळे सोलायला लागली.

तेवढ्यात आमचे म्हातारे पाळक सोन आत आले. दुपारच्या आधी करपलेल्या भाताचं कोमट पाणी प्यायची त्यांची सवय होती. ओकबुनताईने वाडगा त्यांच्या हातात दिला आणि सोडलाच नाही.

"पाळकसाहेब, हे कायमचं म्हणतायत ते खरं?"

त्यांनी भोंग्याचा आवाज बारीक केला. "उभी हयात मीही तेच सांगितलं. पण बायको गेल्यापासून वाटतं, ती आग मळ जाळण्यासाठी असावी, माणूस जाळण्यासाठी नव्हे. हरवलेल्या एका मेंढरासाठी रान पालथं घालणारा देव शोध अर्ध्यावर टाकील का? उशिरा का होईना, सगळ्यांना घरी आणील."

"वाटतं, की माहीत आहे?"

"वाटतं," ते म्हणाले. पाणी पिऊन झाल्यावर दारातून वळून पुटपुटले, "बाहेर बोलू नका गं. चर्चचा कारभार बघणारी वडील मंडळी मला चर्चच्या घरातून काढतील."

मला त्यांचा संताप आला. एवढी मोठी गोष्ट, आणि ती मुळ्याच्या सालींपाशी कुजबुजायची!

दुपारी उपदेशक आणि सोन पाळक दोघेही तालसूकडे आले. मी सूप घेऊन मागोमाग होते. खोली अंधारी होती, खालून आग घालून जमीन चांगली तापवलेली, तरी तालसूचे पाय गारठलेले होते आणि ओकबुनताई ते मांडीवर घेऊन चोळत होती.

उपदेशक त्याच्या उशाशी गुडघे टेकून बसले. "बंधू, बोलायची गरज नाही. येशूला मानतो, एवढं मनात आणा आणि मान हलवा. एकदाच."

"माझी आई कुठाय?" तालसूने विचारलं.

"आई?"

"युद्धातल्या पळापळीत गेली. मला पाठीवर घेऊन चालली होती. तुमच्या येशूचं नावसुद्धा तिच्या कानावर पडलं नव्हतं. ती कुठाय?"

सोन पाळकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. उपदेशकांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "मी खोटं बोलणार नाही. माझा बापही असाच गेला. तो तिथेच आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर मी गावोगाव ओरडत फिरतो. तुम्ही तरी जाऊ नका हो!"

त्या घटकेपर्यंत मी त्या माणसाला ढोंगी समजत होते. त्याला रात्री झोप तरी येत असेल का, असं मनात आलं.

"म्हणजे आई तिथे आहे," तालसू धापा टाकत म्हणाला. "मग ती माझी वाट बघत असणार. तिला तिथे सोडून मी वर जाऊन गाणी म्हणत बसू?" मग तो बायकोकडे वळला. "ए, ऐक. मी गेल्यावर माझी मान तू हलवू नकोस हां."

"गप पडा," ती म्हणाली आणि पाय चोळत राहिली.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. ओहोटी लागली होती, कालवांच्या बोटी नुकत्याच सुटल्या होत्या. खोलीत ती आणि मी, दोघीच होतो. त्याचा श्वास अडखळला, मान एकदम छातीवर आली, आणि संपलं. ओकबुनताईने त्याचं डोकं हळूच सरळ केलं.

बातमी लागताच चर्चचे लोक आले. चर्चच्या वडील मंडळींनी कापड माझ्याकडे दिलं होतं. गेल्याच आठवड्यात तिने इस्त्री केलेलं. माझ्या हातांवर ते तयार होतं. उपदेशक नोह उंबऱ्याशी बूट न काढताच थांबले.

"हलली का? शेवटी मान हलली का हो, बाई? थोडीशी तरी?"

ते भीक मागत होते. आपल्या बापासाठीच मागत असावेत, असं मला वाटलं. सोन पाळक तिच्याजवळ सरकून म्हणाले, "शेवटच्या क्षणी मान खाली येतेच, ओकबुन. कोण म्हणेल तो होकार नव्हता?"

सगळं अंगण तिच्या तोंडाकडे बघत होतं. मीही मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण गं बाई, एकदा हो म्हण आणि मोकळी हो. त्याच्या पेटीवर कापड पडेल. तुला रात्री डोळा लागेल.

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मान पडली," ती म्हणाली. "हलली नाही. त्याने नको म्हणून सांगितलं होतं."

उपदेशकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वडील मंडळींपैकी एकाने माझ्या हातातलं कापड उचललं आणि घडी न मोडता पिशवीत घातलं. तालसूची पेटी कापडाविनाच गेली. वाटेवर कुणी गीत म्हटलं नाही, नुसते बूट वाजत होते. ओकबुनताईच्या दातांचा कडकड आवाज मला शेजारी ऐकू येत होता. थंडी होतीच, पण तो थंडीचा नव्हता. ती भ्यायली होती, आणि तरी चालत होती.

पुढच्या रविवारी ती नेहमीपेक्षा लवकर आली, भात चढवला, सूप उकळायला ठेवलं. ते कापडही तिने वडील मंडळींकडून मागून आणलं होतं, धुऊन वाळत घातलं होतं. घंटा झाली तशी आम्ही एप्रन सोडून आत जायला निघालो. ती मात्र फाटकाकडे गेली.

मी तिच्या मागे धावले. ती त्या तेलाच्या काळ्या डागावर उभी होती, हात बगलेत खुपसून, समुद्राकडे तोंड करून. आतून भोंग्यावर गाणं सुरू झालं होतं.

"ताई, चल आत. गारठशील."

"तू जा," ती म्हणाली. "एवढी वर्षं तो थांबला माझ्यासाठी. आता थोडी मी थांबते."

मी आत जाऊन बसले. सोन पाळक काय बोलले ते मला आज आठवत नाही. उपासना संपल्यावर ती आत आली आणि सगळ्यांना सूप वाढू लागली.