अजून मंगळवार

“पोरी, सहावा दिवस मंगळवारी होता. आज गुरुवार! तुमचे मंत्री तोंड लपवून बसलेत काय?”

लेसनी माझ्या टेबलावर मूठ आपटली. मला पन्नाशीतही ‘पोरी’ म्हणणारा अख्ख्या वेलिंग्टनात हा एकच म्हातारा. तेवीस वर्षं मी संसदेत कागद स्वीकारतेय. आरडाओरड्याला भीक घालत नाही.

लेसची बायको ऑलिव्ह जन्मापासून बहिरी. ज्यूरीचं बोलावणं आलं तशी नवा कोट घालून गेली, तर ‘कायद्यात बसत नाही’ म्हणून दारातूनच परत! बाई चार वर्षं भांडली. शेवटी कोर्टाने लिहून दिलं, हा कायदा मानवी हक्कांच्या विरुद्ध आहे. आमच्याकडे कोर्टाला कायदा रद्द करता येत नाही. पण असा निकाल लागला की बैठकीच्या सहा दिवसांच्या आत मंत्र्याला तो संसदेपुढे ठेवावाच लागतो. मग ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही.

“लेस, बाहेर गुरुवार. आत अजून मंगळवारच आहे,” मी म्हटलं. “तातडीचं कामकाज लागलंय. बैठक संपेपर्यंत दिवस बदलत नाही.”

“आणि झोपता कधी?”

“घरी जाऊन झोपतो. दिवस मात्र तोच.”

“वेडे आहात सगळे!”

बैठक एक वाजता संपणार होती. मंत्र्यांच्या कचेरीला सकाळपासून दोनदा फोनवर झापलं होतं मी. एकाला वीस मिनिटं कमी असताना त्यांचा माणूस निकालाचे कागद घेऊन धापा टाकत आला. मी पान न् पान तपासलं, शिक्का मारला, वहीत नोंद केली. खरं सांगते, ऊर भरून आला. एका बाईला दारातून हाकललं, आणि त्याचा जाब द्यायला सरकार माझ्या टेबलापाशी आलं होतं.

“वार कुठला लिहिलास?” लेसनी हळूच विचारलं.

“मंगळवार.”

“ऑलिव्ह काल सकाळी गेली, पोरी.”

मी वही त्यांच्याकडे फिरवली.

“म्हणजे तुमच्या वहीप्रमाणे... ती असतानाच पोचलं?”

“हो, लेस. ती असतानाच.”

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग ताठ उभे राहिले आणि दोन्ही हातांनी, तिच्या खुणांच्या भाषेत, सावकाश तिला सगळं सांगितलं. मागे रांग लागली होती. त्यांचं सांगून होईपर्यंत मी कुणालाच पुढे येऊ दिलं नाही.