दहापैकी दोन

महेश्वरीनं पोत्याचं तोंड शिवता शिवता मशीन थांबवलं आणि मॅनेजर शिवकांतकडं वळून पाहिलं.

"किती म्हणालात?"

"दहापैकी दोन." शिवकांत ओशाळले. "माल सगळ्यात जास्त तुमचीच टोळी भरते. पण माणसांचं मन ओळखण्यात तुम्हाला सगळ्यात कमी गुण. तेही तुमच्याच बायकांनी दिलेत. नीलम मॅडमला काही उमगेना झालंय."

नीलम पुण्याहून आली होती. मानवतच्या या डाळमिलमधली माणसं एकमेकांना किती समजून घेतात आणि त्यानं कामात काय फरक पडतो, हे ती मोजत होती. त्यासाठी तिनं टोळीतल्या प्रत्येकीला बाजूला घेऊन मुकादमाबद्दल विचारलं होतं.

महेश्वरीनं उरलेलं पोतं शिवलं. टाका वाकडा गेला. टोळीतल्या सविताच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा सविताचं काम हिनंच ओढलं होतं. कुसुमबाईचे गुडघे दुखतात म्हणून तिला बसून करायचं काम दिलं, तेही हिनंच. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन एकटीच लिंबाखाली जाऊन बसली.

थोड्या वेळानं कुसुमबाई लंगडत आली. मागोमाग सगळ्याच आल्या.

"रागावलीस व्हय गं माय?"

महेश्वरी भाकरी मोडत राहिली. घास काही तोंडाकडं जाईना.

सविताला राहवलं नाही. "ताई, ज्या मुकादमाला जास्त गुण, त्याला जालन्याच्या नव्या मिलला नेणार हायेत म्हणं. तिथल्या लोकायला शिकवायला. मग आमी ठरवलं..."

"काय ठरवलं?"

"तुमाला नापास करायचं."

हसावं की रागवावं, महेश्वरीला कळेना. "आन मला इचारायचं न्हाई?"

"इचारलं असतं, तर तू गेली असतीस," कुसुमबाई म्हणाली.

"गेलेच असते!" महेश्वरीचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "लय आवडलं असतं मला, मावशी."

सवितानं आपल्या डब्यातला ठेचा तिच्या भाकरीवर ठेवला, हात धुतले आणि ती तडक ऑफिसात जाऊन नीलमसमोर उभी राहिली.

"मॅडम, आमी खोटं सांगितलं. परत इचारा."

नीलमनं परत विचारलं. या वेळी प्रत्येकीनं दहा सांगितले. सवितानं नाक ओढत सांगितले. शिवकांतनी जालन्याला फोन लावला आणि संध्याकाळपर्यंत महेश्वरीचं जाणं पक्कं झालं.

सुट्टीच्या आधी नीलम टोळीपाशी आली. "महेश्वरीताई, आता तुमची पाळी. तुम्ही यांना किती गुण देता?"

सगळ्यांचे हात थांबले. महेश्वरीनं एकेकीच्या तोंडाकडं पाहून घेतलं.

"नऊ."

"आन एक कुठं गेला?" कुसुमबाईनं विचारलं.

"जालन्याहून माघारी आले की देते."