पाटावरचा स्वार

"कुणाला पटणार नाही, आणि पटलं तर ऐकणारा वेडा," असं आधीच बजावून प्रतापरावांनी खिशातून ते कार्ड काढलं.

खंडेनवमीची सकाळ. मल्हारगंजातल्या घरात शस्त्रपूजेचा पाट मांडलेला. घराणं होळकरी फौजेतलं, पण तलवार वाटणीत धाकट्या भावाकडे गेलेली. पाटावर उरली होती एक विळी आणि मुलाचा स्क्रूड्रायव्हर. दरवर्षी तिथे हात जोडताना प्रतापरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. यंदा पाटावर स्वार बसवायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं.

पूर्वी विलायती सिगारेटच्या पाकिटात अशी शिपायांची चित्रं निघायची. प्रतापरावांच्या वडिलांनी लहानपणी डबाभर जमवली होती. पण हे चित्र म्हणजे, वाहवा! कार्ड जेमतेम काड्यापेटीएवढं, आणि त्यात निळा अंगरखा, लाल कमरबंद, भाल्यावर फडफडतं निशाण. चेहरा तांदळाएवढा, तरी मिशीचा पीळ दिसत होता. घोड्याने पुढचा पाय उचललेला. आता टाप वाजेल असं वाटावं.

"सिगारेटच्या पाकिटातला माणूस पूजेत? काहीतरीच काय, अहो!" कमलताई म्हणाल्या.

"माणूस? अगं, माझे आजोबा आहेत ते! विलायतेचा चितारी खास आला होता. म्हणाला, हलू नका. आजोबा हलले नाहीत, घोडाही हलला नाही. दिवसभर पाय वर! नाकावर माशी बसली, तरी पठ्ठ्याने शेपूट उचललं नाही. शेवटी चितारी गेला, पण घोडा पाय खाली ठेवायचं विसरला. छत्रीबागेपासून घरापर्यंत तीन पायांवर आला बिचारा!"

"बाई गं," कमलताई हसल्या. पण कार्ड हातात घेतल्यावर त्यांची नजर त्या घोड्यावरून हलेना. "जनावर मात्र गुणी हं." त्यांनी कार्ड तांब्याला टेकवून उभं केलं, स्वाराला गंध लावलं, आणि त्या उचललेल्या पायालाही कुंकवाचं बोट टेकवलं. प्रतापरावांची छाती फुगली.

"आजोबा, त्यांचे अजून फोटो असतील ना?" म्हणत नात खुशी केव्हाच डब्याकडे पळाली होती. ती कार्डांचा पंखा करून परत आली आणि गल्लीतल्या पोरांच्या थाटात म्हणाली,

"हा रशियावाला. हा तुर्कीवाला. हा जपानवाला. मिशी सेम, घोडा सेम, सगळ्यांचा पाय वर! तुमचे आजोबा सगळ्याच फौजांत होते का? कित्ती फेकता हो, भिया!"