सावित्रीकाकीच्या वहीतलं वादळ

माझं नाव जड आहे, अंग मात्र मुठीएवढं. मी चुंबकमापक. तांब्याच्या तारेची वेटोळी, धातूची एक पातळ पट्टी आणि आकडा दाखवणारी छोटीशी काच, एवढाच मी. आयुष्यातली साडेसात वर्षं मी मालवण तालुक्यातल्या मसुरे गावात काढली, एका मळ्याच्या कडेला.

मला तिथे आणलं किशोरीने. ती मूळची जवळच्याच कसालची, शहरातल्या एका संशोधन संस्थेत काम करायची. सूर्य अधूनमधून खवळतो. त्याने फेकलेलं वादळ पृथ्वीपर्यंत आलं की तिच्याभोवतीचं चुंबकीय आवरण थरथरतं. उपग्रह बिघडतात, समुद्रातल्या ट्रॉलरना वाट दाखवणारी यंत्रं चुकू लागतात. ती थरथर मोजायची, हे माझं काम. सूर्याचं एक चक्र साधारण अकरा वर्षांचं, म्हणून किशोरीने अकरा वर्षांचा निधी मागितला होता. मंजूर झाली तीन वर्षं. पुढचं पुढे बघू, असं तिला सांगितलं गेलं.

माझ्यासाठी खोपी बांधताना मळ्याचे मालक लवूकाका चक्रावून गेले. जांभ्या चिऱ्याची भिंत चालणार नव्हती, कारण जांभ्यात लोह असतं. खिळेसुद्धा लोखंडाचे नकोत. शेवटी फणसाच्या फळ्या आणि मालवणात होड्या बांधणाऱ्या एकाकडून आणलेले तांब्याचे खिळे, यांवर माझं घर उभं राहिलं.

माणसं अंगावर किती लोखंड घेऊन हिंडतात, ते मला तिथे कळलं. चाव्या, कोयती, छत्रीच्या काड्या. कोणी जवळ आलं की माझा आकडा हलायचा. फक्त सावित्रीकाकी आली की हलत नसे. ती लवूकाकांची बायको. माझी देखभाल तिच्याकडे होती. कुंपणापाशी थांबून ती पदराची पिन, केसांतल्या पिना काढून करवंटीत ठेवायची आणि मगच आत यायची. सातवीत तिची शाळा सुटली होती. किशोरीच्या पहिल्या शोधनिबंधात तिचं नाव छापून आलं, तेव्हा ते पान तिने देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. मजकूर इंग्रजी, वाचता येईना. पण आपलं नाव खालून चौथ्या ओळीत आहे, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

ती वर्षं सूर्याच्या शांततेची होती. आणखी तीन वर्षं मिळाली, तीही संपली. मग एका सकाळी किशोरी आली आणि खोपीच्या पायरीवर नुसती बसून राहिली. पुढचा निधी नाकारला होता. तिची नोकरीही त्याच निधीवर होती.

"ते म्हणतत, सहा वर्सांत काय मोठा घडलाच नाय," ती म्हणाली.

काकी तिच्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "मगे कधी घडतला, ता त्यांका ठावक आसा?"

सूर्य आत्ता कुठे तापायला लागलाय, एवढंच किशोरीने सांगितलं. पुढच्या महिन्यात ती पुण्याला एका खाजगी कंपनीत लागली.

पहिल्याच पावसाळ्यात आकडे आपोआप साठवणारी माझी नोंदपेटी बिघडली. दुरुस्तीला कोणी आलं नाही. सौरपट्टीवर चालणारी बॅटरी म्हातारी झाली. ऊन गेलं की मीही विझायचो. काच तेवढी चालू होती. काकीला आता कोणी मानधन देत नव्हतं, तरी दिवसातून तीनदा ती आकडा वहीत उतरवायची. लवूकाका कुरकुरले, तर म्हणाली की सवय झाली आहे.

मे महिन्यातली ती दुपार. खळ्यात आमसुलं वाळत होती. काकी आकडा बघायला आली आणि तिथेच खिळली. एकोणचाळीस हजारांच्या आसपास सावकाश हलणारा माझा आकडा आधी झटक्यात वर गेला, मग घसरू लागला. माझ्या अंगातून काहीतरी ओढून नेत असल्यासारखं मला वाटत होतं. ज्यासाठी मला घडवलं, ते आलं होतं.

काकी कुंपणापर्यंत पळत गेली, तिथे ठेवलेला फोन उचलून तिने किशोरीला लावला. "आकडो खाली येता गो!"

किशोरी म्हणाली, "काकी, लिवन ठेव. दर पाच मिन्टान एक. दिसता तवसर लिवन ठेव."

दोन वाजून दहा मिनिटांनी तिने पहिला आकडा लिहिला. लवूकाका जेवायला बोलावून गेले, ती उठली नाही. ऊन कलंडलं तसा मी मंद होत गेलो. वादळ अजून वाढतच होतं, आकडा साडेतीनशेने उतरला होता. डोळे काचेला चिकटवून ती लिहीत राहिली. त्रेपन्न ओळी झाल्या. चोपन्नाव्या ओळीत, सहा पस्तीससमोर, तिने लिहिलं, 'दिसना नाय.'

किशोरी रविवारी आली. वही वाचताना एकेका ओळीवरून तिचं बोट फिरत होतं. ती वही जोडून तिने जुन्या संस्थेमार्फत निधीसाठी पुन्हा अर्ज केला. चार महिन्यांनी उत्तर आलं. हाताने केलेली नोंद ग्राह्य धरता येत नाही, शिवाय ती अपुरी आहे. प्रकल्प बंद झालेला असल्याने यंत्र परत जमा करावं.

आता मी संस्थेच्या कोठीत आहे, एका बंद कपाटात. बाहेर सूर्य काय करतोय, मला कळत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या हातात ते असेल, तर मला पुन्हा कुठेतरी उघड्यावर बसवा. वादळं कोणाच्या मंजुरीसाठी थांबत नाहीत.

निघतानाचं एवढं सांगतो. मला न्यायला आलेल्या माणसाने माझ्या तारा सोडल्या, कागदावर काकीची सही घेतली. काकी वही उघडून उभी होती. तिने विचारलं, "शेवटचो टाइम खंयचो लिवू?"

"कसला टाइम?" तो म्हणाला.

काकीने त्याच्याकडे पाहिलं. मग हातातलं पेन वहीत ठेवलं आणि वही मिटली.