बातम्यांआधीचे अकरा सेकंद

"रेडिओवरचा तो आवाज तुमचा नव्हे हो. ते नंतर मी वाजवलं होतं," काउंटरपलीकडचे म्हातारबुवा अगदी सहज म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं ना?"

चष्मेवाल्याच्या चिमट्यातला स्क्रू निसटून खाली पडला. पंचवीस वर्षं या दुकानात बसून त्याने कणीएवढे हजारो स्क्रू हाताळले होते आणि एकही हरवला नव्हता. आता मात्र तो वाकून शोधायचं सोडून बसल्या जागी थिजला. म्हातारबुवांचा चष्मा त्याच्याच हातात होता, त्यामुळे त्यांना समोरचा चेहरा दिसत नव्हता. दिसला असता तर त्यांनी जीभ चावली असती.

सगळी गोष्ट अकरा सेकंदांची. रेडिओवर सातच्या बातम्यांआधी एक धून वाजते, तिच्या सुरुवातीला नुसती बेस गिटार असते. आवाज जाड, पण कसा खणखणीत, टोकदार. चष्मेवाला तरुणपणी एका बँडमध्ये बेस वाजवायचा. मित्र त्याला खर्ज्या म्हणत. मुलगी जन्मली त्याच दिवशी, सव्वीस वर्षांपूर्वी, त्याने ती धून स्टुडिओत वाजवली होती आणि रेकॉर्डिंगला हेच म्हातारबुवा होते. पुढे बँड मोडला, दुकान आणि संसार मागे लागला. उरली ती ही धून. शेजाऱ्यांकडे पाहुणे आले की पाण्यापाठोपाठ त्यांना सांगितलं जायचं, की ती आपल्या चष्मेवाल्यांनी वाजवलीय.

पंचाईत एकच होती. तो आवाज त्याला पुन्हा कधी काढता आला नव्हता. नव्या तारा घालून झाल्या, तार छेडायला फ्रेमच्या प्लास्टिकमधून जाड-पातळ नख्या कापून झाल्या, अॅम्पची बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत पिळून झाली. आवाज यायचा तो घोंगडीखालून आल्यासारखा. वय झालं, हात जड झाला, असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसायचा.

"नाही," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं नाही."

"अहो, तुम्ही वाजवलंत छानच. पण छोट्या रेडिओवर नुसतं गुरगुरत होतं. परत बोलवावं तर तुम्ही दवाखान्यात पळालेले. बाळंतपण होतं ना बायकोचं?"

"मुलगी झाली."

"हां. मग मीच घेतली गिटार. नखी सापडेना, म्हणून टेबलाच्या खणाची किल्ली उचलली. तारा जिथे घोडीवर टेकतात ना, अगदी तिला खेटून वाजवलं. काय खणखणलं म्हणता." म्हातारबुवा खुशीत आले होते. "मला वाटलं, तुम्ही ऐकून ओळखलं असेल. वाजवणाऱ्याला आपला हात कळतोच की."

हे शेवटचं वाक्य वर्मी लागलं. दुसऱ्याने वाजवलं, ते एक वेळ सोडून देता आलं असतं. पण रोज संध्याकाळी तो परक्याचा हात आपला म्हणून ऐकत आला होता आणि त्याला साधी शंकाही आली नव्हती. चारचौघांत चोरी पकडली गेल्यासारखे त्याचे कान तापले.

स्क्रू टेबलाच्या पायाशी सापडला. त्याने दांडी बसवली, काचा पुसल्या आणि चष्मा पुढे केला. म्हातारबुवांनी तो घातला, वर पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"मी उगाच बोललो का हो?"

"नाही. कानामागे टोचतोय का?"

"नाही."

"मग बरोबर बसलाय."

संध्याकाळी चष्मेवाला घरी आला तो थेट गिटारकडे गेला. अॅम्प लावला. खिशातून दुकानातल्या शोकेसची पितळी किल्ली काढली, घोडीला खेटून धरली आणि तार छेडली. म्हातारा फेकत असेल, ही उरलीसुरली आशा पहिल्याच फटक्यात संपली. तोच आवाज होता. सव्वीस वर्षं शोधलेला, जसाच्या तसा.

आतून बायको ओल्या हातांनीच बाहेर आली. मागोमाग मुलगी आली, ऑफिसची बॅग अजून खांद्यालाच होती.

"बाबा, आला की तुमचा आवाज."

"माझा नाही गं. किल्लीचा आहे."

"शोकेसची किल्ली ना ती?" बायको म्हणाली. "कुलूप तरी लावून आलात का?"

दोघी हसल्या. मुलगी त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. "मी झाले त्या दिवशी असंच वाजवलंत ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्याने किल्ली मुठीत मिटली.

"नाही. हे कुणी दुसऱ्यानेच वाजवलं," तो म्हणाला. "हे वाजलं तेव्हा मी दवाखान्यात होतो. तू माझ्या हातात होतीस."

कुणी काही विचारायच्या आत सात वाजले आणि रेडिओवर धून सुरू झाली. रोज तो आवाज वाढवायला उठायचा. आज तो उठला नाही. मान किंचित कलती करून, दुसऱ्याचं वाजवणं ऐकतात तसं, त्याने ते अकरा सेकंद ऐकले.

"छान वाजवलंय त्यांनी," तो म्हणाला.