मधले अडतीस किलोमीटर

वन्संनी भिजवलेला दोरा नकाशावर ठेवला आणि नखाने दाबत दाबत डोंगराच्या धारेवरून पुढे सरकवायला सुरुवात केली. पाय टेबलाखाली कोमट पाण्याच्या टबात होते. आठ तासांची ड्यूटी आजही दहा तासांची झाली होती, आणि दहा तास उभं राहून दुसऱ्यांचं रक्त तपासलं की स्वतःचं सगळं पायात उतरतं, असा त्यांचा अनुभव होता. दोरा प्रत्येक वळणाला चिकटवायचा, मग अलगद उचलून पट्टीवर मोजायचा. कॉम्प्युटरवर हे काम एका बोटाने होतं, पण कॉम्प्युटर वळणं खातो असं त्यांचं ठाम मत होतं. त्याने खाल्लेली वळणं शेवटी आपल्यालाच चढावी लागतात.

खरं तर त्या वन्सं होत्या फक्त वहिनीच्या. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिने थट्टेने या जुन्या शब्दाने हाक मारली आणि तो चिकटला. मग सख्खा मोठा भाऊही तसंच म्हणायला लागला, आणि हळूहळू इस्पितळाच्या लॅबमध्येही कुणाला त्यांचं खरं नाव आठवेनासं झालं.

दोघी नणंद-भावजया बारा वर्षं डोंगरात सायकली चालवत होत्या. वर्षातून एक मोठी फेरी, दोन-तीन दिवसांची, गावं आणि डांबरी रस्ते सोडून. काम वाटून घेतलेलं होतं. वहिनी सीट कव्हरं आणि गाद्या शिवण्याचा धंदा करायची, त्यामुळे सायकलीला लावायच्या पिशव्या आणि दुरुस्ती तिच्याकडे. बेत आखणं वन्संकडे. चढ किती, पाणी कुठे, किती वाजता कुठे पोचायला हवं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सुटका. वाटेत काही बिनसलं तर डोंगरावरून खाली रस्त्याला उतरता येईल अशा जागांना त्या सुटका म्हणत. लाल पेन्सिलीने गोल करून आत आकडा. बारा वर्षांत त्यांनी सुटकेशिवायचा बेत कधी केला नव्हता.

इथंच घोडं पेंड खात होतं. या धारेवर सुटका तीन आणि सुटका चार यांच्या मध्ये काहीच नव्हतं. दोरा उचलून त्यांनी पट्टीला लावला. अडतीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना कडे, पाण्याची एकच झिरपती जागा, आणि दुपारी चारनंतर वर ढग उतरतात तेव्हा हातभर पुढचं दिसत नाही. दोघींनी मिळून आखलेला अगदी पहिला बेत हाच होता. तेव्हापासून तो दरवर्षी काही ना काही कारणाने पुढे ढकलला जात होता. यंदा मात्र वहिनीने सांगून टाकलं होतं.

"पुढच्या वर्षी मला पंचावन्न, वन्सं. आता नाही तर नाही."

वन्सं तिच्याहून दीड वर्षाने लहान होत्या, आणि दमलेल्या होत्या. आजच्या पुरत्या नव्हे, गेली दोन वर्षं. लॅबमधली दुसरी बाई निवृत्त झाल्यावर तिची जागा भरलीच नव्हती. सुट्टीच्या दिवशी सायकलवर बसताना आताशा त्यांना आनंद व्हायचा नाही, उतरताना व्हायचा. बेत आखण्यात मात्र अजून जीव रमायचा. नकाशावर चढ चढायला गुडघे लागत नाहीत. पण हे वहिनीला सांगायचं कुठल्या तोंडाने? बारा वर्षं जी वाट बघतेय तिला 'मला कंटाळा आलाय' म्हणायचं?

त्यांनी पाय पुसले आणि तालमीचे आकडे उतरवायला कॉम्प्युटर उघडला. मोठ्या फेरीआधी तालीम हा नियम होता. सगळं ओझं लादून खाणीची टेकडी चार वेळा चढायची, आणि यंदाच्या धारेसाठी थांबण्यासकट पाच तासांत संपवायची. नाही जमलं तर बेत रद्द. या रविवारी वन्संना ऐनवेळी ड्यूटी लागली, म्हणून वहिनी एकटीच जाऊन आली होती. आल्यावर हँडलवरचं जीपीएस वन्संच्या हातात ठेवून म्हणाली होती, "तीन तास पन्नास."

तीन पन्नास बरोबर होते. पण खाली आणखी एक आकडा होता. त्या जीपीएसला एक खोड होती. सायकल थांबली की त्याचं घड्याळही थांबायचं आणि चाक फिरलं की पुन्हा चालू व्हायचं. त्यामुळे समोर दिसायचा तो फक्त पेडल मारल्याचा वेळ. निघाल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ आत, वेगळ्या ओळीत असायचा. वन्संनी चष्मा वर केला आणि ती ओळ पुन्हा वाचली. सहा तास पाच मिनिटं.

त्यांनी थांबे मोजले. बारा. दर चढाला तीन, ठरल्यासारखे, अकरा-बारा मिनिटांचा एकेक. पाण्याच्या टाकीपाशी, दुसऱ्या वळणावर आणि वरच्या फुटक्या दगडापाशी.

म्हणजे वहिनी दमत होती. वहिनी, जी प्रत्येक चढ आधी चढून वर चेन पुसत बसलेली असायची. आणि ते लपवून तिने सोयीचा आकडा सांगितला होता. वन्संना वाईट वाटलं. त्याआधी मात्र, अगदी क्षणभर आधी, त्यांना हायसं वाटलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला. नियम म्हणजे नियम, तालीम फसली, बेत रद्द, आणि दोष आपला नाही. ते हायसं वाटणं त्यांनी पकडलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. तरीही त्या रात्री त्यांना फार दिवसांनी गाढ झोप लागली.

शनिवारी सकाळी त्या सांगायला म्हणून वहिनीकडे गेल्या. दादा फाटकाशी शाळेची व्हॅन धूत होता. आतून वहिनीच्या मशीनचा जाड आवाज येत होता.

"या, वन्सं," दादा म्हणाला. "कुठवर आली स्वारी? कागदावर पोचलात की अजून वाटेतच?"

दादाने आयुष्यात सायकलला पाय लावला नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. वन्संनी नळाखालचा फडका उचलला, पिळला आणि आरसा पुसायला घेतला.

"दादा, एक विचारू? वहिनी दमते का रे हल्ली?"

"ती? मला दमवते. परवा गादीचं अख्खं बंडल एकटीने माळ्यावर चढवलं."

"तसं नव्हे. सायकलवर. तालमीला गेली होती तेव्हा."

दादाने पाइप दुसऱ्या हातात घेतला. "बरं झालं आठवण केलीस. तुला सांगणारच होतो. अगं, त्या दिवशी ती जास्तीची ट्यूब घरीच विसरली. म्हणून मी व्हॅन घेऊन टाकीपर्यंत गेलो. बघतो तर ही सावलीत बसून काकडी खातेय. घामाचा टिपूस नाही. मांडीवर घड्याळ, आणि त्याच्याकडे बघत बसलीय. म्हटलं, काय गं, दमलीस का? तर म्हणते, नाही हो, वन्सं यायच्यात अजून."

वन्संचा हात आरशावर थांबला.

"तू तर ड्यूटीवर," दादा म्हणाला. "म्हटलं हिला ऊन लागलं बहुतेक. घरी चल म्हटलं तर हसली. म्हणाली, आठ मिनिटं राहिलीत, तुम्ही जा. आठ मिनिटांनी काय होणार होतं देव जाणे."

आठ मिनिटांनी काय होणार होतं ते वन्संना नीट कळलं. आठ मिनिटांनी त्या धापा टाकत टाकीपाशी पोचणार होत्या. नेहमीसारख्या. टाकी, दुसरं वळण, फुटका दगड. वहिनी थांबायची त्या या तीन जागा. वन्सं पोचल्या की ती म्हणायची, चेन पुसत होते. कधी म्हणायची, फोटो काढत होते. एवढी पुसलेली चेन जगात दुसऱ्या कुणाची नसेल. आणि बारा वर्षांत फोटो किती निघाले? सहा असतील, सात असतील.

वहिनीने तालीम एकटीची घेतली नव्हती. दोघींची घेतली होती. वन्सं हजर नव्हत्या तरी त्यांचा वेळ तिने इमानाने धरला होता, आणि तो सहा तास पाच मिनिटं भरला होता.

"आत जा ना," दादा म्हणाला. "चहा टाकायला सांग, म्हणजे मलाही मिळेल."

"नको. आत्ता नको. लॅबमध्ये जायचंय."

लॅबमध्ये जायचं नव्हतं. वन्सं घरी आल्या आणि चपला न काढताच टेबलाशी बसल्या. सर्वांत मागच्याच्या चालीने बेत आखायचा, हा त्यांचाच नियम. म्हणून प्रत्येक वेळी चढाला त्या सावकाशीचा वेग धरायच्या आणि मनात म्हणायच्या, असू दे, दोघींना बरं. दोघींना नव्हतंच ते कधी. त्यांनी तालमीचा हिशेब मधल्या अडतीस किलोमीटरना लावून पाहिला. चारच्या आत धार सोडायची होती. या चालीने साडेसात होत होते. अंधार, ढग आणि खाली उतरायला वाट नाही. हे गणित वहिनीला वन्संइतकंच येत होतं. तिने ते घालून पाहिलं होतं, उत्तर काढलं होतं आणि घरी येऊन तीन पन्नास सांगितलं होतं.

त्यांना रडू आलं. थोडंसंच, कारण रडायलाही अंगात जोर लागतो, आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मग त्यांनी खोडरबर घेतलं.

बुधवारी ड्यूटी संपवून त्या वहिनीच्या कामाच्या खोलीत गेल्या. खोली फोमच्या चुऱ्याने पांढरी झाली होती. वहिनी मशीनवर वाकून सायकलच्या दांड्याखाली लावायची पिशवी शिवत होती. पिशवी नेहमीच्या दुप्पट होती.

"एवढी मोठी?" वन्संनी विचारलं.

"लागते."

"काय ठेवणार आहेस?"

"पाणी जास्त घेऊ म्हटलं." वहिनीने मान वर केली नाही. "आणि एक ताडपत्री. दोन चादरी. असाव्यात जवळ."

धारेवर रात्र काढायची तयारी होती ती. ओझं सगळं स्वतःच्या सायकलवर घ्यायची. वन्संनी स्टुलावरचे कापडाचे तुकडे उचलून बाजूला ठेवले आणि बसल्या.

"वहिनी, तालमीला टाकीपाशी किती वेळ थांबलीस?"

मशीन थांबलं. वहिनीने दातांनी धागा तोडला.

"चेन पुसत होते," ती म्हणाली.

बाहेर दादा व्हॅनचं दार दोनदा आपटून बघत होता. वन्संनी पिशवीतून नकाशा काढला आणि कापायच्या टेबलावर पसरला.

"नवीन केलाय. बघ."

वहिनीने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. पहिला दिवस दोघींचा होता, जुन्याच चालीने. सुटका तीनपाशी मुक्काम. तिथून एक निळी रेघ डोंगर सोडून रस्त्याला उतरत होती आणि लांबून वळसा घालून सुटका चारला येत होती. रेघेवर लिहिलं होतं, दादाची व्हॅन. मधल्या अडतीस किलोमीटरवर आता नव्या वेळा होत्या. त्यांत कुणाची वाट बघायचे थांबे नव्हते. धारेवरून उतरायची वेळ तीन. बाजूला सायकल क्लबातल्या दोघींची नावं होती, ज्यांनी गेल्या वर्षी वहिनीला आपल्या फेरीला बोलावलं होतं आणि ज्यांना ती 'आमचं आमचं ठरलंय' म्हणाली होती. वन्संनी सोमवारीच त्यांना फोन केला होता. तिसरा दिवस पुन्हा दोघींचा.

वहिनीचं बोट मधल्या पट्टीवरून हळूहळू गेलं. शेवटी सुटका चारच्या लाल गोलापाशी थांबलं. तिथे वन्संच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, वन्सं, दुपारी दोनपासून.

"तुम्हाला यायचंच नव्हतं का?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"दमलेय गं मी," वन्सं म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. सांगायला जमलं नाही."

वहिनीने मान हलवली. तिचं बोट पुन्हा लाल गोलावर गेलं.

"दोन वाजल्यापासून कशाला? तीनच्या आत मी काही पोचत नाही."

"ठाऊक आहे."

"मग तासभर तिथे बसून काय करणार?"

"चेन पुसेन," वन्सं म्हणाल्या.

वहिनी हसली नाही. तिने चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग मशीनखालची ती दुप्पट पिशवी ओढून घेतली, छोटी कात्री उचलली आणि बाजूची शिवण उसवायला लागली.